दुहेरी रेघ

आमच्या घरी हेळवी आला की सोप्यात घोंगडं अंथरलं जायचं. नंदी बाहेर बांधलेला, त्याच्याभोवती आम्ही पोरं. आत हेळवी फडक्यात गुंडाळलेली चोपडी सोडायचा आणि एका सुरात वाचायला लागायचा: अमक्याचा लेक तमका, त्याला मुलगे तीन, थोरला कुठल्या गावी जाऊन राहिला, धाकट्यानं कुठल्या घरची केली. सोलापूर, सांगली, कोल्हापूर आणि पलीकडे विजापूर-कलबुर्गीच्या पट्ट्यात वंशावळी सांगणारे हे लोक अजूनही फिरतात. कानडीत 'हेळव' म्हणजे लंगडा. मूळ पुरुष पायानं अधू होता म्हणून बैलावर बसून फिरायचा, असं ते सांगतात. वाचन संपलं की आजी सूपभर ज्वारी आणि एखादं धोतर त्याच्या पुढ्यात ठेवायची.

सहा-सहा पिढ्यांची नावं त्या चोपडीत होती. कोण कशानं गेलं, हे मात्र एका ओळीतही नव्हतं.

हे आठवायचं कारण एक तीळ. काही वर्षांपूर्वी पाठीवरचा तीळ मोठा झालाय असं वाटलं, म्हणून सोलापुरातल्या एका त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. तीळ साधाच निघाला. पण केसपेपर भरताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात कुणाला त्वचेचा कॅन्सर?" मी लगेच म्हटलं, "नाही." पेन थांबलं नाही. पुढचा प्रश्न आला, "आईवडिलांचं लग्न नात्यातलं?"

"हो. आई म्हणजे वडिलांच्या सख्ख्या मामाची मुलगी."

त्यांनी कागदाच्या कोपऱ्यात एक चौकोन काढला, एक वर्तुळ काढलं आणि दोन्ही जोडणारी रेघ दोनदा ओढली. चौकोन म्हणजे पुरुष, वर्तुळ म्हणजे स्त्री, एक रेघ म्हणजे लग्न. दुहेरी रेघ म्हणजे नात्यातलं लग्न. जगभरचे आनुवंशशास्त्राचे डॉक्टर वंशावळ याच खुणांनी काढतात.

पहिला प्रश्न जुना आहे आणि तो मुख्यतः गोऱ्या कातडीच्या मुलखातून आला आहे. १८२० साली इंग्लंडमधल्या स्टूअरब्रिज गावचे डॉक्टर विल्यम नॉरिस यांनी एका रोग्याची हकिगत छापली. तिळातून सुरू झालेली काळी गाठ अंगभर पसरून तो गेला होता. नॉरिसना त्यात दोन गोष्टी खटकल्या: त्याचे वडीलही अशाच आजारानं गेले होते, आणि त्या घरात बापापासून नातवंडांपर्यंत अनेकांच्या अंगावर पुष्कळ तीळ होते. गुणसूत्र हा शब्दही जन्माला यायचा होता, तेव्हा एका गावच्या डॉक्टरनं मेलॅनोमा, म्हणजे हा काळ्या गाठीचा कॅन्सर, घराण्यातून उतरू शकतो हे नुसत्या नजरेनं टिपलं. त्यामागच्या मुख्य जनुकांपैकी एक, सीडीकेएन२ए, सापडायला १९९४ साल उजाडलं. आई, वडील, भाऊ, बहीण किंवा मूल यांच्यापैकी एकाला मेलॅनोमा झालेला असेल तर आपला धोका साधारण दुप्पट होतो, हे आता पक्कं ठाऊक आहे. तरी मेलॅनोमाच्या शंभर रोग्यांत घरात आधी कुणाला झालेला असणारे पाच-दहाच निघतात.

दुप्पट म्हणजे किती, हे मूळ आकड्यावर ठरतं. ऑस्ट्रेलियात वयाच्या सत्तरीपर्यंत तीन माणसांतल्या दोघांना कुठला ना कुठला त्वचेचा कॅन्सर निघतो. तिथं हा प्रश्न सोन्याचा आहे. भारतात सगळ्या कॅन्सरांत त्वचेचा वाटा शंभरात एक-दोन, आणि मेलॅनोमा तर त्याहून कितीतरी दुर्मीळ. आपल्याकडच्या दहा हजार घरांत हा प्रश्न विचारला तर जवळजवळ सगळीकडून माझ्यासारखंच 'नाही' येईल.

याचं श्रेय आपल्या रंगाला. सोलापूर साडेसतरा अंशांच्या थोडं वर आहे, म्हणजे मेच्या दुसऱ्या आठवड्यात आणि पुन्हा ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य इथं बरोबर डोक्यावर येतो आणि दुपारी काही क्षण उभ्या काठीची सावली नाहीशी होते. त्या उन्हात माळावर तूर-ज्वारीत राबणाऱ्या माणसाची कातडी टिकते ती मेलॅनिनमुळे. रंग तयार करणाऱ्या पेशी गोऱ्यात आणि सावळ्यात संख्येनं जवळपास सारख्याच असतात. फरक पडतो तो त्या किती रंग बनवतात आणि कसा पसरवतात यानं. पेशीच्या केंद्रावर मेलॅनिनचे कण टोपीसारखे जाऊन बसतात. लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सडपातळ' लिहिणाऱ्यांनी ही टोपी एकदा सूक्ष्मदर्शकाखाली बघावी.

ज्या मुलांना ती टोपीच मिळत नाही, त्यांच्यावरून तिची किंमत कळते. केस पांढरट, पापण्या पांढऱ्या, उजेडात डोळे मिटणारी ही मुलं आपल्या गावांतूनही असतात. लोक त्याला कोड समजतात, पण कोड वेगळं. कोडात असलेला रंग पुढं कधीतरी जातो. इथं रंग बनवण्याची कृतीच जन्मापासून अर्धवट असते. उन्हाच्या मुलखात अशा माणसांना ऐन तारुण्यात त्वचेचा कॅन्सर गाठतो. आफ्रिकेतल्या देशांत हे फार दिसतं. आणि या मुलांचे आईवडील बहुतेक वेळा सर्वसामान्य रंगाचे असतात, आजी-आजोबाही तसेच. म्हणजे 'घरात कुणाला आहे का?' याचं प्रामाणिक उत्तर 'नाही', आणि तरी गोष्ट शंभर टक्के घराण्यातूनच आलेली.

दुसरा प्रश्न इथं कामाला येतो. पण त्याची खरी धार याहून दुर्मीळ एका आजारात दिसते.

झेरोडर्मा पिग्मेंटोसम. नाव बोजड आहे; अर्थ एवढाच की कोरडी, डागाळलेली कातडी. व्हिएन्नाच्या मोरिट्झ कापोसी यांनी १८७०च्या दशकात या आजाराचं वर्णन केलं. बाळ जन्मतः छान असतं. पहिल्या-दुसऱ्या वर्षात आईच्या लक्षात येतं की अंगणात नेलं की ते डोळे गच्च मिटून रडतं. काही बाळांना पाच-दहा मिनिटांच्या उन्हानं चेहऱ्यावर फोड येतात. गालांवर, नाकावर, ओठांवर तिळाच्या दाण्यांसारखे डाग पसरू लागतात, तेही वयाची दोन वर्षं पूर्ण व्हायच्या आत. नजर लागली, देवीचा कोप, रक्तात उष्णता, असे सगळे खुलासे होऊन जातात. आठ-नऊ वर्षांच्या आसपास, जेव्हा बाकी पोरं तिसरी-चौथीत असतात, तेव्हा पहिला कॅन्सर निघतो. विशीच्या आतल्या अशा मुलांना त्वचेच्या साध्या प्रकारच्या कॅन्सरचा धोका इतरांच्या हजारो पटींनी जास्त असतो. साधारण चौघांपैकी एकाच्या मेंदूवर-मज्जातंतूंवरही परिणाम होतो: ऐकू कमी येतं, चाल बिघडते.

असं का होतं, हे समजावून घ्यायला सोलापूरइतकं चांगलं गाव नाही. पूर्व भागात एखाद्या चादरीच्या कारखान्यात जा. यंत्रमागाच्या डोक्यावर जेकार्ड बसवलेलं असतं आणि त्यातून भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांची माळ खडखडत फिरत असते. जिथं भोक असेल तिथला धागा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो. मोर, कमळ, वेलबुट्टी, चादरीच्या मधली चौकट हे सगळं त्या भोकांत लिहिलेलं. विणकर नुसता धोट्यावर आणि तुटणाऱ्या सुतावर नजर ठेवून असतो. नक्षी त्याला पाठ असायची गरज नाही, ती पुठ्ठ्याला पाठ असते.

पेशीतला डीएनए हा असाच पुठ्ठा. उन्हातले अतिनील किरण त्यावर पडले की शेजारशेजारची दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. दोन भोकं फाटून एक व्हावीत तसं. उघड्या त्वचेच्या पेशीत असं रोज हजारोंनी घडतं. घडलं तरी बिघडत नाही, कारण पेशीत दुरुस्तीची एक टोळी सतत फिरत असते. फाटलेला भाग हेरायचा, दोन्ही बाजूंनी कातरायचा, काढून टाकायचा आणि समोरच्या पट्टीवर बघून तेवढा तुकडा नवा घालायचा. या मुलांत त्या टोळीतला एखादा गडी जन्मापासून गैरहजर असतो. पुठ्ठा फाटतच जातो, माग चालूच राहतो, आणि एक दिवस नक्षीत अशी चूक शिरते की पेशी थांबायचं विसरते. ती पेशी म्हणजे कॅन्सरची सुरुवात.

हे उलगडलं १९६८ मध्ये. कॅलिफोर्नियातले जेम्स क्लीव्हर तेव्हा डीएनएच्या दुरुस्तीवर काम करत होते. वर्तमानपत्रात त्यांनी उन्हानं कॅन्सर होणाऱ्या या रोग्यांबद्दल वाचलं, त्यांच्या त्वचेच्या पेशी मिळवल्या आणि दाखवून दिलं की अतिनील किरणांनी झालेलं नुकसान त्या पेशी भरून काढू शकत नाहीत. दुरुस्तीची ती टोळी नेमकी कशी कातरते, हे अझीझ संजार या तुर्कस्तानात जन्मलेल्या शास्त्रज्ञानं शोधलं. त्यासाठी २०१५च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता.

आता दुहेरी रेघेकडे. प्रत्येक माणसाकडे पुठ्ठ्यांचे दोन संच असतात, एक आईकडचा, एक वडिलांकडचा. टोळीतल्या गड्याची कृती एका संचात बिघडलेली असली तरी दुसऱ्यावर भागतं. असा माणूस वाहक. त्याला स्वतःला काही होत नाही, कळतही नाही. दोन वाहकांचं लग्न झालं तरच प्रत्येक बाळंतपणात चारात एक शक्यता की मुलाला दोन्हीकडून बिघडलेलाच संच येईल. यात कुणाचाही दोष नाही. आपल्यातला प्रत्येक जण असल्या कुठल्या ना कुठल्या आजारांची बिघडलेली कृती घेऊन फिरत असतो.

समजा, एखाद्या आजाराचा वाहक पाचशे माणसांत एक असतो. परक्या घरांत लग्न झालं तर दोघंही वाहक असण्याची आणि मूल आजारी निघण्याची शक्यता दहा लाखांत एक. मामाच्या मुलीशी केलं तर नवऱ्याकडे जे बिघडलेलं आहे तेच, त्याच आजोबा-आजींकडून, बायकोकडेही आलेलं असण्याची शक्यता आठात एक. गणित मांडलं तर सोळा हजारांत एक मूल. सख्ख्या मामानं भाचीशी लग्न केलं तर आठ हजारांत एक. म्हणजे दहा लाखांवरून थेट इथं. पण वाचकानं हेही बघावं की सोळा हजारांतली बाकीची मुलं या आजारापासून सुटलेलीच आहेत. मी स्वतः त्यातली एक आहे. कुठल्याही जन्मजात दोषाचा एकत्र विचार केला तर इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्ड शहरातल्या, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत चुलत-मावस-मामे-आतेभावंडांच्या लग्नांत हा धोका शंभरात तीनवरून सहावर गेलेला दिसला. दुप्पट, पण मूठभरच. धोका खऱ्या अर्थानं उंबऱ्यावर येतो तो एका घरात असं एक मूल जन्मल्यानंतर. मग तो सोळा हजारांत एक राहत नाही. पुढच्या प्रत्येक भावंडाला चारात एक होतो.

भारतातून वैद्यकीय नियतकालिकांत झेरोडर्माची मुलं नोंदवली गेली आहेत, त्यांत 'आईवडील नात्यातले' हा उल्लेख वारंवार भेटतो. त्यात नवल नाही. इरावती कर्व्यांनी १९५३च्या आपल्या ग्रंथात दाखवलं की उत्तरेत नात्यातलं लग्न निषिद्ध, दक्षिणेत इष्ट, आणि महाराष्ट्र या दोहोंच्या सांध्यावर. आपल्याकडे अनेक जातींत मामाची मुलगी हक्काची, पण आत्याची चालत नाही, आणि मावशीची तर बहीणच. सोलापूर त्या सांध्याच्याही टोकाला आहे. मागांवर पोट भरायला तेलंगणातून आलेला पद्मशाली समाज, अक्कलकोटकडचे कानडी बोलणारे लिंगायत, मराठे, धनगर, मुसलमान, प्रत्येकाचा नात्यातल्या लग्नाचा हिशेब वेगळा. तेलुगू घरांत त्याला मेनरिकम म्हणतात. तिकडे मामा-भाचीचंही लग्न होतं. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यानं अशी जवळची लग्नं मना केली, पण 'रूढी असेल तर चालेल' अशी पळवाटही ठेवली. त्यामुळं आमच्या भागात कायद्यानं फारसं काही हललं नाही. जनुकांना मात्र रूढी कळत नाही: मामाची, आत्याची, मावशीची, काकाची, कुणाचीही मुलगी घेतली तरी वाटा तोच, आठवा. ज्या मावसबहिणीशी लग्न म्हणजे पाप आणि ज्या मामेबहिणीशी लग्न म्हणजे हक्क, त्या दोघी रक्ताच्या हिशेबात अगदी सारख्या.

असं मूल जन्माला आलेलंच असेल तर काय करायचं? दुरुस्तीची टोळी परत आणणारं औषध अजून नाही. पण ऊन टाळता येतं. खिडकीच्या काचांना अतिनील किरण अडवणारी फिल्म, पूर्ण बाह्यांचे कपडे, चष्मा, चेहऱ्यावर झापड असलेली टोपी, खेळायचं ते सूर्य मावळल्यावर, दर दोन-तीन महिन्यांनी अंगाचा इंच न् इंच तपासायचा. निदान दुसऱ्या वर्षी झालं तर कॅन्सर कित्येक वर्षं लांबवता येतात. आठव्या वर्षी झालं तर वेळ गेलेली असते. डॉक्टरांच्या दुसऱ्या प्रश्नाला एवढी घाई असते ती यासाठी.

इथवर जे सांगितलं ते रक्ताचं. पण घराण्यातून रक्तच येतं असं थोडंच आहे.

आजीच्या कमरेला एक काळा पट्टा होता. सोनं-चांदीचा नव्हे, कातडीचा. बोटभर रुंद, जाड, गाठीच्या जागी खरबरीत, कडेला मधूनच पांढुरकं. नऊवारी लुगडं ती पहाटे चारला नेसायची: पहिला वेढा घेऊन कमरेला करकचून गाठ, मग निऱ्या, मग काष्टा मागं खोचायचा. गाठ सैल राहिली तर पाणी शेंदताना, भांगलताना लुगडं सुटणार. वयाच्या बाराव्या-तेराव्या वर्षापासून त्याच जागी तीच गाठ. वरून घाम, धूळ, उन्हाळ्यात घामोळं. तिच्या आईच्या कमरेला असाच पट्टा होता, असं ती सांगायची. माझ्या आईनं पाचवारी नेसली, पण आत परकराची नाडी आली. नाडी तर लुगड्याच्या गाठीपेक्षाही बारीक आणि काचणारी. आईच्या कमरेलाही तो पट्टा आहे.

या पट्ट्यातून कॅन्सर होऊ शकतो, हे पहिल्यांदा सांगितलं ते वसंत रामजी खानोलकरांनी. १९४१ मध्ये मुंबईत टाटा मेमोरियल हॉस्पिटल सुरू झालं, तिथल्या प्रयोगशाळांचे ते प्रमुख. भारतातल्या आधुनिक विकृतिशास्त्राचे ते जनक. इथल्या लोकांच्या सवयींतून होणाऱ्या कॅन्सरांवर १९४५ साली सहकारी सूर्याबाई यांच्यासह त्यांनी निबंध लिहिला, आणि त्यात धोतराचा कॅन्सर होता: कंबरेवर, बरोबर धोतराच्या घट्ट वेढ्याखाली. २००५च्या सुमारास मुंबईतल्या डॉक्टरांनी त्याचा साडीचा अवतार नोंदवला. २०२४च्या नोव्हेंबरमध्ये वर्ध्याच्या आणि बिहारमधल्या डॉक्टरांनी दोन स्त्रियांची हकिगत छापली. एक सत्तरीची, कमरेवर दीड वर्ष न भरणारा व्रण. दुसरी साठीतली, चाळीस वर्षं परकराशिवाय लुगडं नेसलेली. तिचा आजार जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता. दोघींचं निदान एकच, आणि सुचवलेला उपायही साधा: नाडी सैल, रुंद, आणि जागा बदलती. अशा केसेस दुर्मीळ आहेत, आजीसारख्या लाखो बायका नुसता पट्टाच घेऊन गेल्या. पण त्या पट्ट्यावर महिनाभर न भरणारी चीर पडली तर हळद भरत बसायचं नाही.

मला यात सर्वांत गोड वाटतो तो योगायोग. धोतराचा कॅन्सर पकडणाऱ्या याच खानोलकरांबरोबर एल. डी. संघवी नावाचे आनुवंशशास्त्रज्ञ काम करत. दोघांनी मिळून मुंबईतल्या सहा जातीगटांची आनुवंशिक लक्षणं तपासली. पुढं १९५६ साली संघवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतल्याच बारा जातीगटांत नात्यातली लग्नं किती, याची मोजदाद केली. म्हणजे रक्ताची वाट आणि वहिवाटीची वाट, दोन्हींची पहिली मापं मुंबईतल्या त्याच संशोधकांच्या वर्तुळात घेतली गेली. दोन्ही प्रश्न एकाच केसपेपरवर यावेत, हे त्यांना तेव्हाच उमगलं असावं असं मला वाटतं.

वहिवाट रक्ताचं सोंग किती बेमालूम घेते, याचं उदाहरण विलायतेतल्या गिरणीगावांचं आहे. लँकशायरच्या सूतगिरण्यांत 'म्यूल' नावाच्या चात्यांच्या लांबलचक यंत्रावर काम करणाऱ्या पुरुषांना अंडकोषाच्या कातडीचा कॅन्सर व्हायचा. बाप सूतकताई करायचा, त्याचा पोरगा हाताखाली तुटलेली सुतं सांधायचा आणि वयात आला की बापाच्या जागी उभा राहायचा. बापाला झाला, मुलाला झाला. बघणाऱ्याला घराण्याचा शाप वाटावा. १९२२ साली मँचेस्टरच्या डॉक्टरांनी हॉस्पिटलचे जुने कागद चाळले तेव्हा अशा रोग्यांपैकी निम्म्याच्या आसपास लोक या एकाच कामावरचे निघाले. खरा गुन्हेगार चात्यांवरून उडणारं खनिज तेल. ओणवं होऊन काम करताना ते विजारीतून झिरपायचं. तेलावर निर्बंध घालणारे नियम यायला १९५३ साल उजाडलं. काश्मीरमध्ये फिरनखाली पोटाशी कांगडी धरणाऱ्यांना पोटाच्या-मांडीच्या कातडीवर होणारा कॅन्सरही याच जातीचा. आजोबा-नातू दोघांना होतो, कारण थंडी दोघांना वाजते.

आणखी एक गोष्ट, जी आपल्याकडे विचारली जात नाही: पायाचा तळवा. आपल्या लोकांत मेलॅनोमा होतो तेव्हा तो पाठीवर-खांद्यावर कमी आणि तळव्यावर, तळहातावर किंवा नखाखाली जास्त. त्याचा उन्हाशी फारसा संबंध नाही. बॉब मार्ले १९८१ मध्ये छत्तिसाव्या वर्षी गेला तो पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली सुरू झालेल्या अशाच मेलॅनोमानं. काळा माणूस म्हणून तो सुटला नाही. अनवाणी रानात जाणाऱ्याच्या तळव्यावरचा काळा डाग घरात कुणी बघत नाही. काटा मोडला असेल, म्हणतात.

आमच्या जिल्ह्यात मात्र बघणारी एक जागा आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये १९८७ साली देशातली पहिली ग्रामीण कॅन्सर नोंदणी सुरू झाली. बार्शी, परंडा, भूम या तालुक्यांतली ३४६ गावं. शहरातली नोंदणी हॉस्पिटलांचे कागद गोळा करून चालते. खेड्यात हॉस्पिटलच नाही तर कागद कुठला? म्हणून इथले कार्यकर्ते गावोगाव गेले, लोकांना जमवून लक्षणं समजावली, कुणाला न भरणारी जखम आहे, गाठ आहे, हे विचारत फिरले आणि संशयिताला तपासणीला घेऊन आले. २००९ साली जगभर गाजलेला गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या तपासणीचा अभ्यास, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३१,७४६ बायकांचा, तोही इथल्याच लोकांनी खेडोपाडी हिंडून केला. त्यांच्या वह्यांत त्वचेच्या कॅन्सरचा आकडा लहान आहे. गर्भाशयमुख, स्तन, तोंड, अन्ननलिका हेच मोठे. पण पद्धत माझ्या कामाची होती. 'कॅन्सर आहे का' असं न विचारता 'जखम आहे का' असं विचारायचं.

म्हणून मी घरी आल्यावर एका मोठ्या कागदावर वंशावळ काढली. हेळव्याच्या चोपडीतली नावं चौकोनांत सोपी गेली. वर्तुळं भरायला आत्याला बसवलं. दुहेरी रेघा तीन निघाल्या. लहानपणी गेलेली मुलं पाच; त्यांतल्या कुणालाही डाग नव्हते, उजेडाचा त्रास नव्हता, हे आत्यानं खात्रीनं सांगितलं. एकाला गोवर, एकाला विहीर, बाकीच्यांना ताप. धंदा लिहिला, कोण चुलीशी, कोण रानात, कोण जुन्या गिरणीत.

मग पणजीचं वर्तुळ आलं. "म्हातारपणानं गेली," आत्या म्हणाली. मी बार्शीवाल्यांसारखं विचारलं, "अंगावर कुठं जखम होती का?"

"पायाला होती की. तरणी असताना वैल उलटून पोटरी भाजली होती. भरायची, परत फुटायची. वीसेक वर्षं तसंच. शेवटी शेवटी फुलकोबीसारखं वाढलं, वास यायचा, आम्हाला खोलीत जाऊ द्यायचे नाहीत."

भाजल्याच्या जुन्या व्रणातून पुढं कॅन्सर उद्भवू शकतो. त्याला १८२८ साली असल्या व्रणांचं वर्णन करणाऱ्या फ्रेंच शल्यचिकित्सक मार्जोलिन यांचं नाव दिलेलं आहे. वर्ध्याच्या डॉक्टरांनी कमरेच्या त्या व्रणांनाही तेच नाव वापरलं. आत्याला मी हे सांगितलं. केसपेपरवर मी 'नाही' म्हणाले होते, तेही सांगितलं.

तिनं सुपारी कातरता कातरता वर बघितलं. "मग बरोबरच सांगितलंस की. तिचं पायाचं होतं गं. कॅन्सर कुठला?"